आधी मालिश, मग अंघोळ

तिनं पायाच्या अंगठ्यानं माझी हनुवटी ढकलली. तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तिकडं बघून चोळ. तुझा श्वास लागतो अंगाला."

माझे दोन्ही हात तिच्या उघड्या पोटरीवर होते. हात चालत होते, श्वास चालत नव्हता. मी भिंतीकडं बघत चोळत राहिले.

ही रेणापूरकडची जमीनदारीण. लातूर वेगळा जिल्हा झाला, लेकाला नव्या कचेरीत खुर्ची मिळाली, तशी ती शहरात बंगल्यात राहायला आली. गावाकडं माझी माय तिला मालिश करायची. मायची मनगटं गेली आणि ते काम माझ्याकडं आलं. जिल्हा बदलला, पाट्या बदलल्या. बाई तीच. आम्ही बौद्ध होऊन पंचविसावर वर्षं झाली होती, पण तिच्या लेखी आम्ही अजून गावकुसाबाहेरच होतो.

मालिशची रीत तिनंच ठरवलेली. तेलाच्या वाटीला मी शिवायचं नाही. ती वाटी उचलणार आणि माझ्या ओंजळीत वरून तेल सोडणार. प्यायला पाणी मागितलं तर तेही वरून. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. "आली का ती?" असं सुनेला विचारायची. मी समोर उभी असायचे.

दुष्काळाचं साल होतं. एका मालिशीपासून दुसरीपर्यंत, चार-चार दिवस, ती अंघोळ करायची नाही. पाणी कुठंय, म्हणायची. तशीच पालथी पडायची माझ्यापुढं. अंगठ्याखाली मळाच्या वाती वळायच्या. काखेतून, मांड्यांच्या घडीतून आंबलेल्या पिठाचा वास यायचा. कंबर दाबताना मध्येच ढुंगण उचलून वारा सोडायची आणि खुदकन हसायची. तिचा वारा मी नाकात घ्यायचा. माझा श्वास तिला लागत होता. आजही हे सांगताना तोंडाला पाणी सुटतं, ओकारीचं.

मालिश झाली की मात्र घरात पाणी सापडायचं. सून दोन बालद्या तापवून न्हाणीत ठेवायची. अंगावरचं तेल काढायला पाव बालदी पुरते, हे मालिश करणाऱ्याला कळतं. बाकीचं पाणी कशाला, ते तिनंच एकदा सांगितलं.

"तेल निघतं गं. तुझा हात न्हाई निघत लवकर."

आणि त्या न्हाणीच्या मोरीखाली माझी बालदी लावलेली असायची. तिच्या अंगावरून वाहून आलेलं पाणी मी घरी न्यायचे. हीच तिची मेहरबानी. आमच्या वस्तीवर टँकर चार दिवसांनी यायचा, तो हंडाभर द्यायचा. नवरा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेला. घरात मी, गावाकडून माझ्याकडं आलेली माय आणि माझी तीन वर्षांची पोर. प्यायचं पाणी टँकरचं. कपडे, भांडी, पोरीचं न्हाणं, सगळं त्या बालदीतल्या पाण्यात. माझा विटाळ धुतलेलं पाणी मीच डोक्यावर घेऊन जात होते. वर म्हणत होते, बरं झालं बाई, तेवढं तरी मिळालं.

मालिशची खरी रीत मला ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. लग्नाआधी मी नांदेडला मावशीकडं होते. मावशी एका दवाखान्यात आया होती. तिथल्या नर्सबाईंनी मला मालिश शिकवली, लकवा झालेल्या रोग्यांची. त्या खोलीत एक पाटी होती. अंग स्वच्छ करून यावे. अंगावर चादर घ्यावी. दुखल्यास सांगावे. मालिश करणाऱ्याशी नीट बोलावे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं. नियम मालिश करून घेणाऱ्याला? असं कुठं असतंय का? नर्सबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली जो झोपला तो रोगी. मालक दाराबाहेर."

लग्न होऊन लातूरला आले आणि ती पाटी नांदेडातच ठेवून आले.

एका संध्याकाळी पोर मांडीवर झोपली. मी तिच्या डोक्याचा मुका घ्यायला वाकले. केसांना वास आला. बाईच्या काखेचा, बाईच्या तेलाचा. माझ्या पोरीच्या डोक्यात ती बाई. मी उठून दारात भडाभडा ओकले. मग टँकरचा हंडा ओढला आणि प्यायच्या पाण्यानं पोरीला घसाघसा न्हाऊ घातलं.

माय ओरडली, "येडी झालीस का? उद्या काय पिणार हाय?"

"तहानलेली राहीन. पण ती बाई माझ्या लेकराच्या डोक्यातून निघाली पायजे."

पुढच्या खेपेला गेले. बाई पालथी पडलेली. मी उंबऱ्याजवळच थांबले.

"आधी अंघोळ करा."

तिनं मान वळवली. "काय म्हणलीस?"

"अंग धुऊन या. मग हात लावते."

"पाणी कुठंय?"

"माझा हात धुवायला ठेवलंय ते. त्यातलंच घ्या."

सून चुलीपाशी बालदीत हात घालून तशीच बसली. तिनं मान वर केली नाही. बाई उठून बसली, पदर ओढला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्यासमोर अंग झाकत होती.

"माजलीस. बालदी इसरलीस वाटतं घरी? पाण्याबिगर मरताल सगळे."

"इसरले न्हाई. आणलीच न्हाई."

तो सगळा उन्हाळा आम्ही घामेजलेल्या कपड्यांत काढला. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या. माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आम्हाला वास मारायचा, पण तो आमचा होता.

अजून मालिश करते. औशापासून मुखेडपर्यंत बोलावणी येतात. दारातच सांगते. अंघोळ करून या. चादर घ्या. तेलाची वाटी माझ्या हातात द्या, माझं नाव विचारा आणि त्याच नावानं हाक मारा. माझ्यामागं माझा हात धुऊन काढायचा असेल, तर आत्ताच सांगा. मी जाते.

तुमची कंबर दुखू द्या.