मिरोल्युबची ओली पाठ

देसांका राहते तिसऱ्या मजल्यावर, पण तिचा घेवडा शिजायला लागला की अख्ख्या जिन्याला कळतं. शाळेच्या स्वयंपाकघरात उमेदीची वर्षं घालवलेली बाई. सहा माणसांचं जेवण म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. हेच तिचं दुर्दैव. कारण दर फेब्रुवारीत दोन कुटुंबं मिळून सर्बियातल्या क्रुशेवात्सहून कोपाओनिकच्या डोंगरावर स्की करायला जातात, आणि डोंगरावर भूक भारी लागते.

दुसरं कुटुंब ग्वोझ्देनचं: तो, त्याची बायको आणि मुलगा. देसांका-मिरोल्युबच्या लग्नात हा साक्षीला उभा राहिला, म्हणजे तो आणि मिरोल्युब एकमेकांचे कूम झाले आणि देसांका कूमा. भाऊ एकवेळ भांडून वेगळा होईल, कूम होत नाही. कूम म्हणजे काही शर्टाचं बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावायला, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून चौघांसाठी घेतलेल्या खोल्यांत सहा जण कोंबून राहायचं, घरमालकीण आली की दोघांनी न्हाणीघरात लपायचं, आणि तरी 'काय मजा आली' म्हणत परतायचं.

सकाळी बाकीचे स्की खांद्यावर टाकून निघत. देसांका खिडकीतून हात हलवी. पहिल्या वर्षी तिच्या पोटात तियाना होती, दुसऱ्या वर्षी कडेवर. तिसऱ्या वर्षापासून कुणी कारणच विचारलं नाही.

संध्याकाळी मिरोल्युब दारात उभा राही तो पाठीवर बर्फ घेऊन. "आज त्या तिसऱ्या वळणावर नुसती काच होती काच! दुसरा असता तर हाडं वेचावी लागली असती." देसांका त्याचं जाकीट झटकून हीटरवर वाळत घाली. खाली गावातल्या इमारतीत तो कुलपं दुरुस्त करणारा गरीब माणूस. इथे मात्र गरुड. तिला बरं वाटे. थोडं वाईटही वाटे, पण ते ती कांद्यासोबत परतून टाकी.

यंदा मात्र ग्वोझ्देन आणि त्याची बायको स्तामेंका वसंतात मुलाकडे कायमचे जाणार होते; तो ऑस्ट्रियात ग्राझला नोकरीला होता आणि आता फक्त स्कीपुरता येई. म्हणजे सगळ्यांचा एकत्र हा शेवटचा हिवाळा. घेवड्यात धुरावर वाळवलेली डुकराची बरगडी सोडता सोडता देसांकाच्या मनात आलं, आता नाही गेले तर मरताना कोपाओनिक म्हणून मला एक शेगडी आठवेल. तिने आच बारीक केली, तियानाची जुनी टोपी चढवली आणि खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये जाऊन बसली. पाय लोंबत होते, खाली देवदार सरकत होते. भीतीने तिने तीन वेळा छातीवर क्रॉसची खूण केली आणि मग चक्क गाणं म्हटलं.

वर उपाहारगृहाच्या ओसरीवर पहिला दिसला तो मिरोल्युब. स्की बर्फात रोवलेल्या, समोर रम घातलेला चहा, आणि हा बसलाय एकटा, उतरणाऱ्या लोकांकडे बघत. दमला असेल, तिला वाटलं. हाक मारणार एवढ्यात तो उठला, इकडेतिकडे बघत उपाहारगृहाच्या मागे गेला आणि बर्फात उताणा पडला. गाढव धुळीत लोळतं तसा डावीकडे लोळला, उजवीकडे लोळला. मग उठून एक मूठ बर्फ कॉलरमागे नीट थापलं, गृहिणी केकवर साखर भुरभुरवते तसं.

"कूमा! तू आणि इथे?" ग्वोझ्देन स्कीवरून घसरत येऊन तिच्या शेजारी थांबला. तिच्या नजरेमागे त्याची नजर गेली आणि त्याचं तोंड उतरलं.

"हा कधीपासून असा?" देसांकाने विचारलं.

"पहिल्याच वर्षी पडला. बूट काढले आणि म्हणाला, कूम, घरी बोलू नकोस. नाही बोललो."

"मलाही नाही?"

"तुला तर मुळीच नाही. त्याची सगळी ऐट तुझ्यासाठी. पोरांनी एव्हाना ओळखलंय."

"आणि मी मूर्ख खाली बसून त्याची पाठ वाळवतेय!"

ती परत लिफ्टमध्ये बसली. आधी राग आला, इतका की लिफ्टवाल्यालाही तिने डोळे वटारले. पण खुर्ची हळू चालते, आणि हळू चालणाऱ्या गोष्टीत राग टिकत नाही. तियाना झाल्यापासून ती खाली भांड्यापाशी एकटी बसली होती. तेवढीच वर्षं तो वर कपापाशी एकटा बसला होता, पोटात भीती घेऊन, की आज पितळ उघडं पडेल. दोघांना एका टेबलाशी बसायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही.

रात्रीच्या जेवणाला मिरोल्युब रंगात आला. "आज तर तिसऱ्या वळणावर..."

"आई, दुपारी तू कुठे होतीस?" तियानाने मध्येच विचारलं. "मी मोजे बदलायला आले तर घरात कुणी नाही."

"वर गेले होते."

मिरोल्युबचा चमचा ताटलीत पडला. ग्वोझ्देन पावाच्या तुकड्याकडे असं बघायला लागला जणू त्यात काही लिहिलंय.

"अगं बाई! मग कूम दिसला का स्की करताना?" स्तामेंकाने विचारलं.

देसांकाने पळी हातात धरली. मिरोल्युब तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने असं बघितलं नव्हतं. लग्नात पुरोहिताने विचारलं तेव्हा बहुधा असाच दिसत होता.

"दिसला की," ती म्हणाली. "आणि बघून मलाच हौस आली. उद्यापासून हा मला शिकवणार आहे. लहान पोरांच्या उतारावर. होय ना रे, गरुडा?"

"मी? पोरांच्या..."

"का, तो उतार तुला फार सोपा पडेल?"

ग्वोझ्देनला ठसका लागला. तो ओसरल्यावर म्हणाला, "जा तुम्ही दोघं. घेवडा मी शिजायला टाकतो."

दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या पोरट्यांच्या रांगेत हे दोघं उभे राहिले. देसांका सुटली ती किंचाळत, गुडघे वाकवून, सरळ तळाशी, आणि कुंपणाला मिठी मारून थांबली. मिरोल्युब दोन पावलांत आडवा. उठला, पुन्हा आडवा. "सगळ्यांना दिसतंय," तो पुटपुटला.

"दिसू दे. तुला मी बघतेय ना, मग पुरे," ती म्हणाली. "हात दे, आणि ढुंगण मागे टाकू नकोस."

ग्वोझ्देनचा घेवडा खाली लागला होता. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला, स्तामेंकाने तर दोनदा घेतला आणि डोळे पुसले. वाफेने, म्हणाली. जेवण झाल्यावर देसांकाने हीटरवर दोन जाकिटं शेजारी टाकली. मिरोल्युबच्या जाकिटाची पाठ झटकायला गेली, तर झटकण्यासारखं काही नव्हतंच. बर्फ अस्तरापर्यंत मुरलं होतं. तिने जाकीट पिळलं.