आमच्या पिकअपची बॅटरी कोण पितं?

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे अशा सर्व सज्जनांस कळविण्यात अत्यंत दुःख होते की, दर्पण कॉलनीत आमच्या दाराशी उभ्या असलेल्या पांढऱ्या पिकअपची बॅटरी आज सकाळी पुन्हा एकदा निधन पावली. तिच्या मागे एक मालक, एक मालकीण, त्यांची एक कन्या आणि वरच्या मजल्यावरचा एक धाकटा भाऊ असा परिवार आहे. धक्का मारण्यासाठी मंडळींनी फाटकापाशी जमावे.

हे निवेदन मी गच्चीवरून, घसा साफ करून, खाली जमलेल्या घरच्यांना ऐकवलं होतं. पहिल्या वेळी सगळे हसले, दादासुद्धा. दुसऱ्या वेळी फक्त वहिनी हसली. त्यानंतर मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा पुतणीनं मान वर करून म्हटलं, "काका, बस." मी निमूटपणे खाली उतरलो आणि धक्का मारायला लागलो.

नई सडकेवर दादाचं भाड्यानं भांडी देण्याचं दुकान आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, बारशी आमच्या पातेल्यांनी बघितलेली आहेत. कुणाच्या घरी कोणाची कोणाशी भांडणं आहेत हे आमच्या मोठ्या तपेल्याला जितकं ठाऊक तितकं कुणालाच नाही. ही पातेली पोचवायची, आणायची, ती या जुन्या पिकअपमधून. गाडी दादा स्वतः चालवतो. दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. दिलाच तर शेजारी बसून पायानं हवेत ब्रेक दाबत राहतो.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, थंडी पडली, आणि गाडीनं नाटक सुरू केलं. रोज फिरली तर ठीक. पण एखाददोन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं कट्‌कट् आणि मग शांतता. दादानं इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बॅटरी म्हातारी झाली असं निदान करून नवी घातली. नवीही तशीच पडली. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं डायनॅमो तपासला, तो धडधाकट निघाला. मग हात पुसत तो सहज म्हणाला, "कोई लाइट खुली छोड़ देते होंगे, भाईसाहब." आणि गेला.

बिचाऱ्याला काय माहीत, तो आमच्या घरात काय टाकून गेला.

आमच्या वडिलांची सुरुवात अशीच झाली होती. आधी ते दिवे बंद करायला विसरायचे, मग गॅस. नाकावर चष्मा ठेवून चष्मा शोधायचे तेव्हा आम्ही हसायचो, तेही हसायचे. एकदा सिटी सेंटरला बँकेत गेले आणि संध्याकाळी पुतणीला भलत्याच वस्तीत एका पानाच्या टपरीवर बसलेले सापडले. ती तेव्हा शाळेत होती. आजोबांचा हात धरून तिनंच त्यांना घरी आणलं. शेवटी शेवटी एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर त्यांनी उठून बसत अतिशय अदबीनं विचारलं, "आपण कोण?" जन्मभर मला 'गाढवा' म्हणणारा माणूस. त्या 'आपण'नं जे झालं ते कुठल्याही शिवीनं झालं नसतं.

तेव्हा दिवा चालू राहिला असणार, या वाक्याचा आमच्या घरात अर्थ वेगळा होतो.

दादाकडे बारीकसारीक पुरावेही होते, म्हणजे त्याच्या विरुद्ध. एका मुंजीची भांडी तो गेल्या वर्षी जिथे मुंज झाली त्या घरी घेऊन गेला होता. तिथल्या बाईंनी चहा पाजून परत पाठवला. ही गोष्ट मी रंगवून चारचौघांत सांगत असे. दिव्याचं प्रकरण निघाल्यापासून सांगायची बंद केली.

दादानं काय केलं? संध्याकाळी गाडी लावली की तो एकेका बटणाला बोट लावून मोठ्यानं म्हणू लागला: पुढचे दिवे बंद, आतला दिवा बंद, रेडिओ बंद, चावी हातात. संध्येतल्या आचमनासारखं. नाव घ्यायचं, स्पर्श करायचा, पुढे जायचं. मी गच्चीतून ऐकायचो. आणि तरीही सकाळी कट्‌कट्.

एकदा धक्का मारून झाल्यावर, गाडी घरघरत असताना, तो मला हळूच म्हणाला, "अरे, मी बंद करतो असं मला वाटतं. पण वाटणं आणि करणं यात फरक पडायला लागला असेल तर?"

मी वाकून, उगीचच, टायरची हवा बघायला लागलो.

पुतणी आता सिटी सेंटरमध्ये बँकेत आहे. आजोबांना टपरीवरून आणलेलं ती विसरलेली नाही. शनिवारी जेवताना तिनं सरळ सांगितलं, "बाबा, चाबी मला द्या. ड्रायव्हर ठेवू. रस्त्यात काही झालं तर? मी दुसऱ्यांदा नाही शोधत फिरू शकत." दादा भात कालवत राहिला. वहिनीनं आमटी वाढली, नको असताना. दादाच्या हातून चावी गेली तर दुकान चाललं असतं, पण दादा चालला नसता, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

मी उभा राहिलो. गणेशोत्सवातल्या नाटकांत मी पुष्कळ वेळा वकील झालो आहे. काळा कोट अजून टिकून आहे. मी म्हटलं की आरोपीला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. उद्या रविवार. उद्या गाडीची तपासणी होईल. सगळं बंद असताना गाडी वीज खाते असं सिद्ध झालं तर चावी दादाकडे. नाही झालं तर तुझ्याकडे. पुतणी म्हणाली, "ठीक है. पण ड्रामा नको, काका."

ते काही माझ्या हातात नव्हतं.

सकाळी उन्हात गाडी उघडली. शेजारच्यांचा मल्टिमीटर आणला होता, आणि ते यंत्र कसं लावायचं याचे व्हिडिओ मी पहाटेपर्यंत, छे, रात्री जेवल्यावर दोनतीनदा बघितले होते. युक्ती सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा. मग बॅटरीतून जे काही बाहेर जाईल ते मीटरमधूनच जाणार. चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यासारखं. दार उघडं राहिलं तर आतला दिवा लागतो आणि खोटा आकडा येतो, म्हणून काचा खाली करून दारं लावली. चावी वहिनीच्या पदराला गाठ मारून ठेवली. वहिनीवर कोणाचाच संशय नव्हता. तिला विजेची इतकी धास्ती आहे की ती घरातली बटणंही लाटण्यानं दाबते.

दादा पायरीवर बसला होता. जवळ आला नाही.

मीटर जोडला. आकडा वरखाली झाला आणि अर्ध्या अँपिअरच्या जवळ येऊन थांबला. आम्ही वाट पाहिली. शून्यापाशी यायला हवा होता, उतरेना. सगळं बंद, चावी पदरात, आणि गाडी आपली निवांत घोट घेत होती.

मी वळून पायरीकडे बघितलं आणि संपूर्ण कॉलनीला ऐकू जाईल असं म्हटलं की आरोपी निर्दोष आहे. दादा उठून आला. मीटरकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, बहुधा दिवे बंद, रेडिओ बंद. वहिनीनं पदर डोळ्याला लावला, चावीसकट.

पुतणी मात्र आजोबांना शोधून काढणारी नात. म्हणाली, "पण जातं कुठे?"

मग फ्यूज काढायला घेतले. एकेक फ्यूज उपटायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, चोर त्याच्या वाटेवर. हॉर्नचा काढला, आकडा तोच. वायपरचा, रेडिओचा, दिव्यांचा. तोच. शेवटी फ्यूजचा डबा दात पडलेल्या तोंडासारखा मोकळा झाला आणि गाडी तरी पीतच होती. माझी वकिली संपली. मला वाटलं मीटरच खोटा. तसं झालं तर सगळं पुन्हा दादावर येणार होतं, आणि तेही त्याला ओळखता आलं. तो दोन पावलं मागे सरकला.

पुतणी खाली वाकली. "सगळे फ्यूज बाहेर आणि तरी जातंय, मतलब रास्ता ही दूसरा है." तिनं बॅटरीचं टर्मिनल निरखलं. जाड केबलच्या खाली चिमटीत धरता येईल अशी एक बारीक लाल तार कसलेली होती. नवी बॅटरी घालताना इलेक्ट्रिशियननंही ती जशीच्या तशी परत कसली असणार. तार चासीवरून गेली, क्लचशेजारच्या भोकातून आत शिरली, रबरी मॅटखालून सीटखाली गेली. तिनं दार उघडून जॅक, फडकी, एक फुटका झारा बाहेर काढला. त्याच्या मागे एक छोटा इन्व्हर्टर होता, हिरवा ठिपका तेवत ठेवून बसलेला. हाताला ऊबदार.

आणि मग आम्हाला आठवलं. एकदम. जणू कुणीतरी पडदा ओढला.

नवरात्र. यंदा वहिनीनं गाडीतल्या देवीपुढेही नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचं मनात धरलं होतं. गाडी म्हणजे घरची लक्ष्मी. तेलाची वात ठेवली तर देवी आपल्याला प्रत्यक्षच भेटेल असं दादा म्हणाला होता, म्हणून विजेची छोटी समई. पण चावी काढली की ती विझणार, मग अखंड कसली? तेव्हा दादानं एका दुपारी इन्व्हर्टर आणून सरळ बॅटरीवरून तार ओढली. मी टॉर्च धरून उभा होतो आणि सूचना करत होतो. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. देवापुढचा दिवा काही आपण मालवत नाही, तो आपला आपण शांत व्हायचा; तेव्हा समई तशीच तेवत ठेवली. काही दिवसांनी तिचा बल्ब गेला. वहिनीनं हात जोडले, "शांत झाला" म्हणाली, आणि समई फडक्यात गुंडाळून कपाटात गेली. सीटखालचा डबा जागाच राहिला. आम्ही चौघं ते विसरलो होतो. आरोप एकावरच होता.

पुतणी हसता हसता रडकुंडीला आली. वहिनीच्या पदराची गाठ तिनंच सोडली आणि चावी दादाच्या हातात ठेवली. "सॉरी बाबा." दादानं चावी खिशात घातली, खिशावर हात ठेवला. मग इन्व्हर्टर उचलून उलटसुलट करून बघितला. तारेच्या जोडावर काळी टेप होती आणि टेपवर पांढऱ्या दोऱ्याचे वेढे, शेवटी दुहेरी गाठ. आमच्या दुकानातला प्रत्येक भांड्यांचा संच असाच बांधलेला असतो. अशी गाठ ग्वाल्हेरमध्ये एकच माणूस मारतो.

दादानं त्या गाठीवरून अंगठा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"काम नीट केलंय," तो म्हणाला. "कुणी बसवलं रे हे?"

पुतणीचं हसू तिथेच राहिलं. तिची नजर दादाच्या खिशाकडे गेली. मी वाकून उपटलेले फ्यूज गोळा करायला लागलो. दादा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू ओसरत होतं.

तेव्हा, घरातलं बटणही लाटण्यानं दाबणारी माझी वहिनी पटकन बोलून गेली, "मी. अहो, मीच नव्हतं का बसवलं?"