दारातला मास्टर

कुडाळच्या एसटी स्टँडवर सगळे रडले, बाबा सोडून. दशावतारात जन्मभर राजाचं काम केलेला माणूस, तो काय चारचौघांत रडणार! मला बाजूला घेऊन म्हणाले, "भियालंस तरी तोंडार दाखव नको." घाबरलीस तरी चेहऱ्यावर आणू नकोस. मी मनात म्हटलं, लंडनला चाललेय, घाबरायचं काय त्यात? मोठी शहाणी मी!

हाउन्सलोत आमचा फ्लॅट एका चायनीज टेकअवेच्या वर. खाली रस्त्यावर आमचं दार आणि दुकानाचं शटर शेजारी शेजारी. पहिला हिवाळा संपायच्या आत ह्यांनी दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीला आतून खिळे ठोकले. बसस्टॉपवर जमणाऱ्या, डोकी भादरलेल्या गोऱ्या पोरांनी त्यातून पेटती चिंधी आत टाकली होती. पायपुसणं जळलं, एवढंच. 'एवढंच' म्हणायला मी इथेच शिकले. तेव्हापासून जिन्याखाली भरलेली बादली असायची. तुम्हा कुडाळच्या मंडळींना पत्रात मी बर्फाविषयी लिहायचे.

टेकअवेवाल्या मिसेस लिन मला व्हिडिओ कॅसेट द्यायच्या. सगळ्या एकाच माणसाच्या. शंभरेक वर्षांपूर्वीचा कुंग-फू मास्टर, शिवाय हाडं बसवणारा वैद्य. माणूस खरा होऊन गेलेला, पण दिसायचा कसा ते कोणालाच धड ठाऊक नाही. मग काय, दर थोड्या वर्षांनी नवा नट तोच मास्टर होतो. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमध्ये तो पोक्त आणि शांत, पुढे वात्रट पोरगा, आणि नव्वदच्या दशकात एकदम देखणा, हवेत उडणारा.

आई गेल्यावर बाबा एक हिवाळा आमच्याकडे राहिले. मला इतक्या वर्षांनी दिवस गेले होते. हे एअरपोर्टवर कार्गोत, शिफ्टला. बाबा दिवसभर सोफ्यावर मफलर गुंडाळून कॅसेट बघायचे. इंग्लिश येत नाही, चिनी तर नाहीच, पण मत ठाम! नव्या नटाला म्हणायचे, "नुसत्यो उडयो मारता!" जुना मात्र पसंत. तो हात उचलायच्या आधी दारात येऊन उभा राहतो, झगा सावरतो, हात पाठीमागे घेतो आणि नुसता बघतो. राजाचा प्रवेश असाच असतो म्हणे.

त्या डिसेंबरात पोरं रोज यायला लागली. चार वाजताच काळोख. आधी शटरवर लाथा, मग आमच्या दारावर. पोलीस येईपर्यंत रस्ता रिकामा. एके दिवशी दाराची चौकट तडकली. मी पोटावर हात धरून जिन्यात बसले. बाबा उठले, मफलर सोफ्यावर ठेवला, कोट सारखा केला, जिना उतरले आणि सरळ दार उघडलं. अहो बाबा, नको! पण ते दारात उभे, हात पाठीमागे.

पोरं खिदळली, किंचाळून कुंग-फूची नक्कल केली, थुंकली. एकाच्या हातात बाटली होती. बाबा ढिम्म. पोरांना समोरून राजा दिसत होता. मला मागून त्यांचे हात दिसत होते, लटलट कापणारे. शेवटी पोरं गेली. दार लावून बाबा पायरीवर मटकन बसले. "उद्या परत येतले," म्हणाले.

आली. बाबाही रोज उभे राहिले. मार्चमध्ये हीथ्रोला निरोप घेताना मला म्हणाले, "आता तू उभी रव." मी राहिले, वाढलेलं पोट घेऊन. नट बदलला, दुसरं काय!

तुम्ही फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं गं? जिथे दार उघडून उभं राहावं लागतं, तेच झालं शेवटी. बाबा आता नाहीत. आम्ही घर बदलून लंडनबाहेर स्लाऊला आलो, लेटरबॉक्स उघडा आहे, मला वाटलं सुटलो. परवा संध्याकाळी कोणीतरी दारावर जोरात लाथ मारली. मी किचनमधून धावले, तर माझी एवढीशी लेक दार उघडून उभी होती. समोर कोण होतं, मला दिसलं नाही. तिचे हात दिसले, पाठीमागे घेतलेले, कापणारे.

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तोंडावर काही दाखवलं नाही.