डावीकडचा कोपरा

माझं कामच खोट काढायचं. नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रकमधून माल उतरला, की खोकं कुठं फाटलं, पत्रा कुठं चेपला, डबा कुठं गळतो ते बघायचं आणि चूक पाठवणाऱ्याची की गाडीवाल्याची हे ठरवायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाची नजर तशीच होऊन जाते. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मला आधी पत्रावळीचं भोक दिसतं. बायको म्हणते, तुम्हाले देव भेटला तरी तुम्ही त्याले उलटापालटा करून बघाल. तिचं काही चुकत नाही.

कॅमेरा घ्यायचं मनात आलं तेव्हाही मी असाच निघालो. हौस मोठी नव्हती. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं, टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर, गच्चीवर वाळत घातलेल्या मुंगवड्या, असे रोजचेच फोटो काढायचे होते. मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, बाबा, मोबाईल आहे ना हातात, मग काहून पाहिजे कॅमेरा? तिला म्हटलं, नागपूरच्या उन्हात मोबाईल धरून बघ, त्यात समोरचं सोडून आपलंच तोंड दिसतं. मला डोळा लावून बघायची खिडकी असलेला कॅमेरा हवा होता. जुना चालेल, पण धड हवा, आणि खिशाला परवडणारा हवा.

बर्डीच्या बाजारात जुने-नवे कॅमेरे विकणारं एक दुकान आहे. मालक माझ्याच वयाचा, पण मला काका म्हणणारा. त्याने एक छोटा कॅमेरा हातात दिला. मी दुकानाच्या दारात उभं राहून डावा डोळा मिटला, उजवा खिडकीला लावला आणि रस्त्याचा फोटो काढला. मग मागच्या पडद्यावर पाहिलं तर फोटोत डावीकडे पानठेल्याची पाटी होती. खिडकीतून बघताना ती नव्हती. मला सापडली खोट. मी म्हणालो, यात दिसते एक आणि निघते एक. तो शांतपणे म्हणाला, की स्वस्तातल्या कॅमेऱ्यात खिडकीतून कमीच दिसतं, फोटोत कडेचं जास्त येतं, ह्या रेंजमधी असंच राहते काका. माझं समाधान झालं. आपण बरोबर पकडलं म्हणून उलट जरा बरंच वाटलं.

मग त्याने जरा वरचा दाखवला. त्याच्या खिडकीच्या आत बारीकसा पडदाच असतो, आत जेवढं दिसेल तेवढंच फोटोत येतं, असं त्याने सांगितलं. दोन दिवस घरी नेऊन वापरून पाहा, म्हणाला. मी नेला. गच्चीवरून, खिडकीतून, जिन्यातून पाहिलं. पुन्हा तेच, डावीकडचा वरचा कोपरा नाही. तिथं काळं असतं तर झाकण अडकलं म्हणालो असतो. काळं नव्हतं, धुरकटही धड नव्हतं. तिथं काहीच नव्हतं, आणि काहीच नाही हे चटकन कळतही नव्हतं. फोटो पाहिल्यावरच कळायचं.

दुकानात जाऊन मी तोंड सोडलं. खराब माल गळ्यात मारता का, हे चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. मालक कॅमेरा डोळ्याला लावून पुनःपुन्हा बघत राहिला. त्याला त्यात काही सापडेना आणि मला वाटलं, हा नाटक करून राहिला. शेवटी त्याने कंटाळून तिसरा दिला. हा चांगला होता, म्हणजे माझ्या बजेटच्या थोडा बाहेरच. पण म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावून टाकू.

तो घेऊन मी इतवारीत गेलो. भांड्यांच्या गल्लीत सकाळचं ऊन पितळेवर पडतं ते मला फार आवडतं. दुकानाबाहेर पाणी भरायच्या पितळी गुंडांची उतरंड लावलेली होती. मी डोळा लावला. चौकट अगदी मोकळी, सुंदर. बटण दाबलं आणि त्याच क्षणी माझ्या गुडघ्यावर काहीतरी येऊन आदळलं. हातठेला होता. ठेलेवाला ओरडला, "दिसत नाही का बे?" मीही भांडायच्या तयारीनेच वळलो. पण हातातल्या पडद्यावर फोटो उमटलेला होता आणि माझी नजर त्यावर गेली.

फोटोचा डावीकडचा वरचा भाग ठेलेवाल्यानेच भरला होता. त्याचा घामाने ओला खांदा होता, वर उचललेला हात होता, ओरडायला उघडलेलं त्याचं तोंडसुद्धा होतं. मी त्या माणसाचा फोटो काढला होता आणि तो मला दिसला नव्हता.

तो काय बोलत गेला ते मला आठवत नाही. मी भिंतीला टेकलो आणि उजवा डोळा मिटून डावा खिडकीला लावला. सगळं होतं. कोपरा होता, कोपऱ्यात विजेची तार होती, तारेवर कोणाचा तरी पतंग अडकलेला होता. पुन्हा उजवा लावला. तार नाही, पतंग नाही. माल चांगला होता. खराबी बघणाऱ्यात होती.

माझे वडील आंधळे होऊन गेले. त्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. आमच्याकडे तेव्हा हे असंच चालायचं. चष्मेवाला सांगायचा, शेजारी सांगायचे, आम्हीही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, अजून पिकला नाही. आंबा पिकायला ठेवतात तसे आम्ही त्यांचे डोळे ठेवले. पुढे मोठ्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं, की तो काचबिंदू होता. त्यात पिकण्यासारखं काही नसतंच. तो नजर हळूहळू खात जातो, दुखत नाही, खुपत नाही, आणि खाल्लेलं परत मिळत नाही. शेवटी शेवटी वडील पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे करायचे आणि हात हवेतच फिरायचा. आई पेला त्यांच्या बोटांखाली सरकवायची.

हे सगळं मला माहीत होतं. डॉक्टरकडे जायचं की नाही? नाही गेलो. भीती अशी, की पायच उचलेना. गेलो की तो शब्द ऐकावा लागणार, नाही गेलो तर निदान आजचा दिवस आपला. मी घरी सांगितलं, की कॅमेरा काही पसंत पडत नाही, बघून राहिलो. आणि दिवसभर चोरून डोळा झाकायचो. अमरावती रोडवर सिग्नलला स्कूटर उभी केली की डावा डोळा मिटून बघायचो, दिवा दिसतो का. गोदामात खोक्यावरची अक्षरं बघायचो. काल इथवर दिसत होतं, आज कमी झालं का? रोज वाटायचं, झालंच. दोन्ही डोळे उघडले की सगळं जग जिथल्या तिथं, आणि एक मिटला की कोपरा गायब. मागून ट्रकने हॉर्न दिला की मी स्कूटर पार कडेला घ्यायचो. ट्रकवाले शिव्या घालून जायचे.

तिसरा कॅमेरा अजून घरीच होता. दुकानदाराचे फोन यायचे, मी उचलत नव्हतो. एका रविवारी मुलगी तो घेऊन गच्चीवर आली. म्हणाली, बाबा, यात तर मस्त दिसते, तुम्ही काहून नाव ठेवून राहिले याले? मी सहज विचारावं तसं विचारलं, डावीकडे वर काय दिसतं? तिने सांगायला सुरुवात केली. शेजारच्यांची पाण्याची टाकी, टाकीवर कावळा, मागे मोबाईलचा टॉवर, त्याच्यामागे ढग. ती सांगत गेली आणि मला ऐकवेना. तिच्या हातातून कॅमेरा हिसकावून घेतला आणि ओरडलो, की हात नको लावू, परत द्यायचा आहे.

ती मला चांगली ओळखते. मी चिडतो ते कशाने, हे तिला आईपेक्षा जास्त कळतं. जवळ आली, कॅमेऱ्यात बघताना मी मिटतो तो डावा डोळा आपल्या तळहाताने झाकला आणि म्हणाली, समोर बघा, माझ्या नाकाकडे, मान हलवू नका.

"बाबा, माझा दुसरा हात दिसते का?"

"कोणता हात?" मी म्हणालो.

ती रडली नाही. खाली गेली, आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मला दवाखान्यात नेलं. मी गेलो. नाही म्हणायची ताकद राहिली नव्हती.

तिथं एक तपासणी असते. एका डोळ्यावर पट्टी लावतात, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या घुमटात बघायला सांगतात. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या डोळ्याचं ठीक झालं. मग उजव्याची पाळी आली. दिवा लागताना मशीन बारीक कुरकुरतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी काय केलं, कुरकुर ऐकू आली की बटण दाबलं. दिसो न दिसो. एवढा शिकलेला, संसार केलेला माणूस, आणि मी मशीनला फसवायला बसलो होतो. तपासणारी बाई थोड्या वेळाने म्हणाली, "काका, लाइट नसतानाही तुम्ही दाबून राहिले. मशीन मधेमधे मुद्दाम नुसता आवाज करते. दिसल्यावरच दाबा ना."

तिने पहिल्यापासून लावलं. या वेळी मी खरं खेळलो. कुरकुर झाली, दिवा दिसला, दाबलं. पुन्हा कुरकुर, दिवा नाही. पुन्हा कुरकुर, दिवा नाही. पुन्हा. कुठंतरी दिवा लागत होता आणि तो माझ्यासाठी नव्हता. हातात बटण होतं आणि ते दाबायचं नव्हतं. मला घाम फुटला, हनुवटीखालची पट्टी ओली झाली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, वडील गेले तेव्हाही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदूच. उजव्यातलं गेलं ते गेलं, येणार नाही. डावा चांगला आहे. थेंब रोज, न चुकता, आयुष्यभर टाकले तर उरलेलं टिकेल. मी मान डोलावत होतो. मग त्यांनी विचारलं, वडिलांना होतं ना? मुलं आहेत? मुलीलाही दाखवून घ्या. आणि माझ्या डोळ्यांची भीती एका क्षणात मागे पडली, कारण त्या भीतीपेक्षा मोठी समोर येऊन बसली.

दुकानदाराची मी माफी मागितली, का ते मात्र सांगितलं नाही. त्याच्या तिसऱ्या कॅमेऱ्यात काही खोट नव्हती, पण खिडकी मागे डाव्या टोकाला होती. आता मला डावा डोळा लावायचा होता, तर उजवा गाल आणि नाक पडद्यावर दाबलं जाई. मग त्याने खिडकी बरोबर मधोमध, वरच्या फुगीर भागात असलेला एक जुना काढून दिला. जाड होता, पण परवडला. मी तो उलटापालटा न करता घेतला. मालक माझ्याकडे बघतच राहिला.

मुलगी मात्र तपासायला येईना. आधी परीक्षा, मग प्रॅक्टिकल, मग मैत्रिणीकडे हळद. मला सगळं कळत होतं. एकदा जेवताना मी फारच मागे लागलो तेव्हा ती चिडली.

"मले सगळं दिसते बाबा. काहून मागे लागले?"

"मलेही सगळंच दिसत होतं, बेटा."

तिचा घास हातातच राहिला. सकाळी मी उठून पाहतो तर तिने स्कूटर बाहेर काढून ठेवली होती.

ती आत बसली आणि मी बाहेर बाकावर. दार पुरतं लागलेलं नव्हतं. कुरकुर ऐकू यायची आणि मागोमाग बटणाचा टक असा आवाज. कुरकुर, टक. कुरकुर, टक. माझा श्वास त्यावरच चालला होता. मग एकदा कुरकुर झाली आणि टक आलंच नाही. पुढचं टक आलं, मग काही वेळाने पुन्हा एक कुरकुर नुसतीच गेली. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि आत डोकावायची हिंमत न होऊन तिथंच उभा राहिलो. माझ्या बापाने मला जे दिलं ते मी हिला दिलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तपासणारी बाई कागद घेऊन बाहेर आली. माझा चेहरा पाहून आधी तिनेच सांगितलं, की पोरीचं छान आहे. नुसता आवाज झाला तेव्हा तिने एकदाही बटण दाबलं नाही. डॉक्टर म्हणाले, आज काही नाही, पण दर वर्षी यायचं. आज काही नाही, यातला 'आज' मला नीट ऐकू आला.

जिन्यात ती मधेच थांबली.

"बाबा, पुढच्या कोणत्या वर्षी नाही दिसला दिवा, तर?"

"त्याच दिवशी मले सांगायचं. लपवायचं नाही."

"तुम्ही सांगितलं होतं आम्हाले?"

"नाही," मी म्हणालो. "मी भेलो होतो."

तिने माझा हात धरला.

"मीबी भेली होती बाबा," ती म्हणाली, "म्हणून तर येत नव्हती."