बाईंनी न बोललेला शब्द

सरलाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खामगावच्या बाजारात माझ्या दवाखान्यासाठी कापसाचा भाव पाडत होते. "कापसाच्या गावात कापूस एवढा महाग काऊन?" म्हणून नुकताच आवाज चढवला होता. निरोप ऐकला आणि दुकानदार मागेल तो दाम कबूल केला. तोच घाबरला. "ताई, तब्येत बरी हाय ना?"

त्या दिवसापासून डोळ्यांपुढे मी शिकले त्या दवाखान्यामागची आमच्या वर्गाची खोली तरंगते… शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस दुपारच्या उन्हात अलगद आत यायचा, कुणाच्या वेणीवर बसायचा. बाई आम्हा नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या शिक्षिका, पण खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. त्या आमच्यात बाकावर असत आणि खुर्चीवर वॉर्डातून हळूहळू चालत आलेली एखादी बाळंतीण. "आज या शिकवतील," बाई म्हणायच्या. आम्ही पदरात तोंड लपवून हसायचो. पिंपळगाव राजाहून आलेल्या मला तर बाळंतपणाचं सगळं पुस्तक पाठ होतं! एकदा अशीच एक बाळंतीण बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली, मग म्हणाली, "सारे पोटालेच हात लावत होते. तुले काय होते, असं मले कोनी इचारलंच नाही." सरलाबाईंनी आमच्याकडे वळून विचारलं, "का विचारलं नसेल?" आणि त्या वाट बघत राहिल्या. ते वाट बघणं संपायचंच नाही. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत जायचा… कुणीतरी बोलेपर्यंत.

मी बोलायला शिकले ती तिथेच, आणि ते महागातही तिथेच पडलं. कळांनी ओरडणाऱ्या एका बाईच्या मांडीवर डॉक्टरांनी चापट मारली. दुसरी मारायच्या आत मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. माफी मागायची, नाहीतर वर्षाला मुकायचं. घरचे माझ्या लग्नाच्या मागे लागलेले. वर्ष गेलं तर शिक्षण सुटायचीच भीती. मी तिथेच उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं.

"हेच शिकवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "पण काय घडलं ते तीच सांगेल."

आणि गप्प! मग मीच बोलले, माझ्या स्वभावाला शोभेल तसं. "तुमच्या मायले असं मारू दिलं असतं काय?" वर्ष गेलं.

व्हरांड्यात मी बाईंना गाठलं. "माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या असत्या तर?"

"माझा चालला असता. मग तुझा कधी चालला असता?"

"वर्ष माझं गेलं, बाई. तुमचं नाही."

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुझंच गेलं."

वडिलांशी भांडून मी शिकायला राहिले. धाकट्या मुलींत बसले. त्या मला 'आजीबाई' म्हणत. बाईंचं उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं.

आता माझं स्वतःचं लहानसं प्रसूतिगृह आहे. डॉक्टर खाटेजवळ येतात, "काय होतंय?" विचारतात. सासू तोंड उघडते, नवरा उघडतो, कधी माझंही उघडू बघतं. मी हात वर करते. "तिले बोलू द्या." नवीन नर्स कुजबुजते, "मॅडम, उशीर होऊन राह्यला." होऊ दे. वॉर्ड स्वप्नातल्यासारखा स्तब्ध होतो… बाईंवरचा माझा राग अजून आहे, आणि त्या शांततेत तो सर्वांत जास्त जाणवतो. तरी मी गप्प राहते. मग खाटेवरची बाई हळूहळू बोलू लागते.