शेजारचा माग थांबला तेव्हा

बायको तापाने फणफणत असताना मी डोळे मिटून म्हणालो, "हे दयाळू पित्या, आम्हां सर्वांना दिलेल्या उत्तम आरोग्याबद्दल तुझे आभार."

कोपऱ्यातल्या घोंगडीखालून बारीक आवाज आला, "कुणाचं म्हणायचं हे आरोग्य?"

दोन्ही मुली खिदळल्या. मी घाईघाईने आमेन म्हटलं आणि कंदिलाची वात उगाच वरखाली केली.

ते वाक्य माझ्या तोंडात कायमचं बसलेलं होतं, त्याला मी काय करू? संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने आजच्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, ही रीत बायकोने निपाणीकडच्या माहेराहून आणलेली. कालची गोष्ट चालत नसे. मुली सांगायच्या, चिंच सापडली, वर्गात मार चुकला. बायको सांगायची, डाळ लवकर शिजली. मी पडलो मिशनच्या शाळेतला मास्तर. देवासमोर डाळीबिळीचं काढणं मला हलकं वाटे. म्हणून खुंटीवरच्या कोटासारखं ते एक तयार वाक्य मी रोज अंगात चढवी.

ताप काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर आहे. औषधापेक्षा हिला झोप हवी, नाहीतर अंगातली ताकद टिकायची नाही. आता झोप कुठून आणायची? आम्ही राहत होतो शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. भिंतीला भिंत लागून आप्पांचा हातमाग. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खटक् खटक्. त्या आवाजावरून मी पूर्वी आप्पांशी भांडलोही होतो. "मास्तर, तुमी शाळंतल्या पोरांस्नी गप करा, मग मी मागाला गप करतो," असं म्हणून ते पोट धरून हसले होते. आता त्यांच्याकडे जायला मला तोंड नव्हतं. शिवाय माग थांबवा म्हणजे चूल थांबवा, एवढं मलाही कळत होतं.

बायकोचे डोळे खोल गेले. हाक मारली तर ओळख पटायला वेळ लागू लागला. संध्याकाळी माझी पाळी आली की मी म्हणे, "आज काही नाही."

"बाबा, आज भाकरी करपली न्हाय की," थोरली म्हणाली.

भाकरी मीच भाजली होती. तरी माझ्या तोंडून आभार निघेनात. मी देवावर रुसलो होतो, आणि रुसलेल्या माणसाला चांगल्या भाकरीचाही राग येतो.

एके दुपारी शाळेतून आलो तर घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बायको झोपली होती. अगदी गाढ, तोंड किंचित उघडं टाकून. मग ध्यानात आलं, भिंतीपलीकडे आवाजच नाही. बाहेर डोकावलो. आप्पा पायरीवर, हात मांडीत घेऊन बसलेले. समोर खडेबाजारातल्या एका दुकानदाराचा माणूस तोंडाचा पट्टा सोडून उभा. लग्नाचं लुगडं, मुहूर्त तोंडावर आलेला, आणि तुम्ही खुशाल बसलाय?

"हळू बोला की वो," आप्पा म्हणाले. "आत माणूस झोपलंय."

"कुणाचं माणूस?"

"शेजारचं. लई दिसांनी डोळा लागलाय बाईचा. नवरी काय पळून चाललीया व्हय?"

तो माणूस गुरगुरत गेला. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यानंतर रोज दुपारी माग बंद राहू लागला.

त्या संध्याकाळी मी शब्द शोधत बसलो. "प्रभो, आप्पा आज... आप्पा आज नुसते बसून राहिले, त्याबद्दल." आमेनसुद्धा धाकटीने म्हटलं.

ताप उतरला. बायको भिंतीला टेकून बसू लागली, तशी आम्ही घरी उपकारस्तुतीची सभा घेतली. मंडळीतले लोक जमले, पेटीवर गाणी झाली. आप्पाही येऊन उंबऱ्याशी बसले. आमच्या घरचं शिजलेलं ते घेत नसत, पण बोलावलं की येत. शेवटची प्रार्थना मला सांगितली. मग काय विचारता! ज्याने समुद्रावरचं वादळ शांत केलं त्यानेच शेजारचा माग शांत केला, असं मी रंगवून रंगवून मांडलं. आप्पांचे गुण गायले. पाळकसाहेबांनी खोकून पाहिलं, मी दाद दिली नाही. डोळे उघडले तेव्हा चहा निवून गेला होता.

लोक गेल्यावर मी बायकोजवळ बसलो आणि विचारलं, आभार कसे झाले? ती अजून अशक्त होती. पण बोलण्याइतकी ताकद आली होती.

"देवाला पोचले असतील," ती म्हणाली. "आप्पा मात्र मधेच उठून गेले, दुपारची रखडलेली लुगडी पुरी करायला. तुम्हाला कसं दिसणार, तुमचे डोळे मिटलेले. जा, फळीवरचा गूळ कागदात बांधून घ्या, गूळ चालतो त्यांना. आणि हे बघा, तिथं प्रार्थना नको. 'माझी बायको झोपली' एवढंच सांगा आणि या."