वीतभर व्रण आणि तीन भोकं

मी चौथीत असताना आप्पांचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. आप्पा म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात गुळाचे हमाल. तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, ते उशी उचलावी तसा उचलायचे. पोटात दुखतंय म्हणून तीन दिवस ओवा खाऊन कामावर गेले आणि चौथ्या दिवशी गाडीजवळच आडवे झाले. सरकारी दवाखान्यात पोट उघडून सगळा पू धुऊन काढला. जीव वाचला. पण जखम चिघळली, टाके सुटले, आणि जवळजवळ वर्षभर ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. हमालांच्या टोळीत एक माणूस थांबला की त्याची जागा दुसरा घेतो, त्यात कुणाचा दोष नाही. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायला लागली. शिवाजी पेठेतल्या आमच्या एका खोलीत आप्पा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. अख्ख्या यार्डात ज्याचा आवाज ऐकू जायचा तो माणूस पाणी मागतानाही हळू बोलायचा. आमच्या घरात ऑपरेशन म्हणजे ते वर्ष.

म्हणून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बारा दिवस उरलेले असताना, माझ्या पोटात उजव्या बाजूला कळ उठली तेव्हा मी दुखण्यापेक्षा त्या वर्षालाच जास्त घाबरले. प्रॅक्टिकल म्हणजे चार तास उभं राहणं. ते चुकलं तर वर्ष गेलं. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं.

या वेळी आप्पांनी ओव्याचं नावही काढू दिलं नाही. सकाळीच रिक्षात घालून त्याच दवाखान्यात आणलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सुजलंय, पण फुटलेलं दिसत नाही. उद्या दुर्बिणीतून काढू. तीन छोटी भोकं, बाकी काही नाही."

"भोकं नगोत म्याडम," आप्पा म्हणाले. "चांगलं मोठं कापा."

अशी मागणी मॅडमकडं पहिल्यांदाच आली असावी. "का हो मामा?"

आप्पांनी सदरा वर करून व्रण दाखवला. वीतभर, मधेच आत ओढलेला. "ह्ये बघा. माझं असं केलंतं. सगळं धुतलं म्हणून हितं हुबा हाय. भोकातनं काय दिसणार? निम्मं आतच ऱ्हायलं तर?"

"तुमचं फुटलं होतं. तेव्हा पोट उघडणंच बरोबर होतं, मीही तेच केलं असतं. हिला त्याची गरज नाही. आत कॅमेरा जातो, पडद्यावर सगळं मोठं दिसतं."

आप्पा हलेनात. तेव्हा माझ्या उशाशी बसलेली आई बोलली. "यार्डात गिऱ्हाईक गूळ बघतंय ते रवा फोडून बघतंय व्हय? जरासं टोकरूनच आतला रंग बघतंय की. तवा न्हाय म्हनत तुमी, निम्मं बघायचं ऱ्हायलं."

"गूळ येगळा."

"मग पोरगी बी येगळीच हाय. तुमच्यागत तीन दिस ओवा खाऊन आल्याली न्हाय."

मॅडमनी तोंड फिरवून हसू आवरलं आणि संमतीचा कागद पुढं केला. आप्पांच्या वेळी आईनं न वाचताच अंगठा दिला होता. या वेळी मी कागद मोठ्यानं वाचला. खाली लिहिलं होतं, दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडून ऑपरेशन केलं जाईल.

"परत वाच," आप्पा म्हणाले. मी परत वाचलं.

"मग हाय की ल्हिवल्यालं. कर सही."

ऑपरेशन सकाळी झालं. संध्याकाळी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "उठा, दारापर्यंत चालायचं." आप्पा खाटेसमोर आडवे आले. "आवो, टाकं तुटतील."

"एकेका भोकाला एक टाका आहे मामा. वाटेत तुम्हीच उभे आहात, सरका."

मी चालले. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळं तसं होतं, म्हणे. शेजारच्या खाटेवर कागलची एक मावशी होती. तिनं दुखणं अंगावर काढलेलं, त्यामुळं तिचं पोट उघडावंच लागलं. ती आठवडाभर वाकून चालणार होती, पण तिलाही याच मॅडमनी वाचवलं होतं. मोठं कापणं मागासलेलं आणि भोकं पाडणं पुढारलेलं असं मी तेव्हापासून कधी म्हणत नाही. कुणाला काय लागतं हे ओळखणं मोठं. गर्दीनं भरलेल्या त्या वॉर्डात, रोज ती दवाखान्यातली माणसं ते ओळखत होती.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आईनं माझ्या तीन पट्ट्या बघितल्या, मग आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "बघतीस काय? टोकरल्यालंच हाय."

परीक्षेच्या दिवशी माझी पिशवी आप्पांनी कॉलेजच्या गेटपर्यंत आणली आणि तिथंच कट्ट्यावर बसून राहिले. मॅडमची चिठ्ठी दाखवल्यावर सरांनी स्टूल दिलं होतं. चार तासांत मी दोनदा बसले, बाकी वेळ उभी होते.

त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.